पोचलो, असं मी रेडिओवर म्हणालो

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि माझ्या बायकोपासून काही लपवणं म्हणजे काय, ते रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात कुणालाही विचारा. लिलावात ती माशाच्या डोळ्याकडे बघून तो कालचा की आजचा ते सांगते. माझ्या डोळ्यांकडे बघून तिला काय कळलं असेल, देव जाणे. तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच बहुधा जमेल.

मी बोटवाला. वीस-बावीस वर्षं ट्रॉलरवर काढली, त्यातली निम्मी तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख म्हणून. गुडघे बोलायला लागल्यावर स्वतःची छोटी फायबरची बोट घेतली. मच्छीमार सोसायटीची पत्रं मीच लिहायचो, त्यामुळे लेखणीला मी घाबरत नाही. घाबरतो तो दुसऱ्याच गोष्टीला. पण ते पुढे येईल.

चार हिवाळ्यांपूर्वी पुण्याकडचे एक सर आमच्याकडे आले. पॅराग्लायडिंग शिकवणारे. कापडाच्या पंखाखाली दोऱ्यांना लटकून माणसं उडतात ना, ते. सर म्हणाले, उडता येणाऱ्यांना आम्ही पडायला शिकवतो. म्हणजे कसं? तर बोटीने दोरी ओढून माणसाला पतंगासारखं वर चढवायचं, दोरी सोडायची, आणि मग त्याने स्वतःच्याच हाताने आपला पंख मिटवायचा. अर्धा मिटवायचा, पूर्ण मिटवायचा, गरगर फिरवायचा — आणि कोसळता कोसळता सावरायचा. नाहीच सावरला, तर पोटाशी बांधलेली राखीव छत्री फेकायची आणि पाण्यात उतरायचं. हे जमिनीवर करायला गेलं तर हाडं गोळा करायला टोपली लागेल, म्हणून समुद्रावर. सुखातला जीव दुःखात घालायची कसली ही हौस, असं मी बायकोला म्हणालो होतो. ती म्हणाली, तुम्ही तीस वाव खोल पाण्यावर जाता ती कसली?

माझं काम सोपं होतं. खाली थांबायचं.

पहिल्याच दिवशी सरांनी मला बजावलं. "भाऊ, वर माणूस असेपर्यंत तुमचे डोळे वर. इंजिन चालू. हात रिकामे. पाण्यात पडला की एका मिनिटात तुम्ही त्याच्याजवळ. माणूस आधी, कापड नंतर." एक मिनिट का, तेही त्यांनी दाखवलं. त्या लोकांच्या बसायच्या खोगिरात पाठीखाली जाड फोम असतो, पडलं तर मणका वाचावा म्हणून. जमिनीवर तो जीव वाचवतो. पाण्यात मात्र तोच फोम वर यायला बघतो आणि माणसाला तोंडावर पालथा पाडतो. अंगात लाइफ जॅकेट असलं तरी. वरून पंखाचं ओलं कापड, पायात शेकडो दोऱ्या. त्या कापायला मला एक वाकडी सुरी दिली होती, बोट न कापता दोरी कापणारी. ती माझ्या छातीवर लटकत असायची. हे लक्षात ठेवा — सुरी माझ्या छातीवरच होती.

बोटीवर दोन माणसं हवीत असा त्यांचा नियम होता. माझ्याबरोबर माझा मेहुणा असायचा. त्या दिवशी तो तापाने पडला होता. सरांनी विचारलं, दुसरा कुणी आणता का? मी म्हणालो, "मी एकटा पुरे हाय, सर." समुद्रावर जन्म काढलेल्या माणसाला हे पुण्याचे लोक काय शिकवणार!

त्या तुकडीत एक मुलगी होती. तिला वैदेही म्हणू. खेडची. एसटी डेपोजवळ वडिलांचं वह्या-पुस्तकांचं दुकान. तिला दुसऱ्या माणसाला पुढ्यात घेऊन उडायचं काम करायचं होतं, पर्यटकांना घेऊन उडतात तसं. एका डोंगरगावी तिचं काम ठरल्यातच जमा होतं, फक्त या सरांची चिठ्ठी हवी होती. घरच्यांकडून तिनं दोन वर्षं मागून घेतली होती आणि ती संपत आली होती. हे तिनंच मला सांगितलं, किनाऱ्यावर दोऱ्या सोडवताना. मला काका म्हणायची. वाऱ्याबद्दल विचारायची — जमिनीकडून येणारा मतलई कधी थांबतो, समुद्रावरून येणारा खारा कधी लागतो — आणि मी सांगितलेलं वहीत लिहून घ्यायची. माझं बोलणं वहीत लिहिणारं दुसरं कुणी मला आयुष्यात भेटलेलं नाही.

सर सगळ्यांना डोळे मिटून साठ मोजायला लावायचे, हातात घड्याळ धरून. पाण्याखाली घाबरायचं नाही, मोजत राहायचं, म्हणजे डोकं जागेवर राहतं. बाकीचे चाळिसाव्या सेकंदालाच "साठ" म्हणून ओरडायचे. वैदेहीचं मात्र कधी एका सेकंदानेही चुकलं नाही. सर म्हणायचे, हिच्या पोटात घड्याळ आहे.

मी उगाच लांबण लावतोय. कळतंय मला.

तो तिसरा दिवस. काळबादेवी गावाच्या बाजूला, खाडीचं तोंड जिथे समुद्राला मिळतं, तिथे आम्ही होतो. खारा वारा नुकताच लागला होता. ओढणाऱ्या बोटीने वैदेहीला वर चढवलं, दोरी सुटली, आणि ती बोट — तिच्यावरच सर — दोरी गुंडाळत बाहेर समुद्राकडे निघून गेली. वैदेही माझ्या डोक्यावर. लांब, लहानशी. सर रेडिओवरून तिला सांगत होते, तेच मला माझ्या रेडिओत ऐकू येत होतं. डावी बाजू मिटव. सोड. छान. पुन्हा.

आणि खडकाळ खडपाच्या कडेला बोय मासळी उडाली.

एक नाही. दहा, वीस. भरतीबरोबर खाडीत शिरणारा आख्खा थवा. पाणी नुसतं खदखदत होतं. आता तुम्ही म्हणाल, मग? तुम्हाला नाही कळणार. बोय उडाली की आमचा हात आपोआप जाळ्याकडे जातो, शिंक आली की तोंडाकडे जातो तसा. आणि माझा पाग पुढच्या फळीखाली होताच. हाताने फेकायचं गोल जाळं ते, घेराला शिशाचे मणी. आदल्या पावसाळ्यात बोटी वर ओढलेल्या असताना मीच विणलेला. प्रशिक्षणाच्या बोटीत त्याचं काय काम होतं? काहीच नाही. मला न्यायला कुणी सांगितलं नव्हतं.

दीडशेक हात सरकलो असेन मी. म्हटलं, दोन मिनिटांचं काम. ती तर चांगली उडतेय! दोरीचा फास मनगटात घातला आणि पाग फेकला. उघडला पण काय सुरेख! खरं सांगतो, त्या क्षणी मला फार आनंद झाला होता.

तेवढ्यात रेडिओत सरांचा आवाज बदलला. "वैदेही, हात वर. हात वर! दोऱ्यांना पीळ पडलाय. रिझर्व्ह फेक! फेक!"

मी वर बघितलं. पंखाची चिंधी झाली होती आणि ती त्याच्याखाली भिंगरीसारखी फिरत होती. राखीव छत्री उघडली, अगदी पाण्यालगत. आणि ती पडली, मी आधी जिथे थांबलो होतो त्याच जागी. मी तिथे नव्हतो.

मी पाग ओढला. आला नाही. खडपात अडकला होता, आत मासा, वजनाने मनगटातला फास आवळलेला. सुरी छातीवर. एक घाव, की मी मोकळा.

मी कापला नाही.

आमच्यात जाळं कापत नाहीत. अडकलं तर बुडी मारतात, ओहोटी लागेपर्यंत थांबतात, उलट्या बाजूने जाऊन सोडवतात. माझा बाप म्हणायचा, जाळं कापणारा कोळी नव्हे. पण बापाच्या माथी का मारू? बापाने हेही सांगितलं होतं, की पाण्यात पडलेल्या माणसाकडे आधी बघावं, मग तो वैरी का असेना. ते मला बरं आठवलं नाही. मी बोट वळवली, खडपाला वळसा घातला, इकडून ओढलं, तिकडून ओढलं. आणि ओढताना मी तिच्याकडे बघत होतो. असं नाही की बघत नव्हतो. पांढऱ्या-निळ्या कापडाखाली काहीतरी हलत होतं. दिसत होतं मला.

सरांनी रेडिओवर विचारलं, "भाऊ, पोचलात? मला उन्हाने काही दिसत नाही. मी येऊ का?"

आणि मी म्हणालो, "पोचलो, पोचलो. घेतोय तिला."

पोचलो नव्हतो. हातात पागाची दोरी होती. मी नाही म्हटलं असतं तर सरांनी त्यांची मोठी बोट फिरवली असती, तिची मशीन माझ्या दुप्पट होती. माझ्या एका शब्दाने ते थांबले. मग पाग सुटला, मासे आणि पाग मी फळीखाली कोंबले — कोंबले, हो, तेवढाही वेळ घालवला — आणि मग तिच्याकडे गेलो.

ती पालथी होती. एका हाताने कापड वर धरून श्वासापुरती जागा केली होती, ती कधी होती, कधी नव्हती. एक बकल सुटलं होतं, पाय दोऱ्यांत. मी त्या दोऱ्या कापल्या. झटक्यात कापल्या. तिला बोटीत ओढलं तेव्हा ओठ काळे-निळे झाले होते. पाणी ओकली. पहिला श्वास घेतला तो आवाज मी विसरलेलो नाही. मग सर आले, आणि आम्ही तिला रत्नागिरीत दवाखान्यात नेलं. छातीत पाणी गेलं होतं. पाच दिवस ठेवून घेतलं.

सहाव्या दिवशी सरांनी आम्हाला किनाऱ्यावर बसवलं. काय झालं ते नीट लिहून ठेवायची त्यांची पद्धत होती. वैदेही शाल गुंडाळून बसली होती. ती म्हणाली, "सर, मी मोजत होते. एकशे नव्वदपर्यंत मोजलं. तेव्हा काकांचा हात लागला."

सर माझ्याकडे वळले. "भाऊ?"

काय अवघड होतं? मेहुण्याचा ताप सांगता आला असता. मशीन बंद पडली म्हणता आलं असतं, ते खोटंच, पण निदान तिच्या अंगावर गेलं नसतं. पण मशीन बंद पडली म्हणजे माझी बोट वाईट. उशीर झाला म्हणजे मी वाईट. मिरकरवाड्यात पसरलं असतं, की तांडेल बोय मारत बसला आणि पोर बुडत होती. लोक हसले असते, त्या हसण्याला मी घाबरलो. मी म्हणालो, "एक मिनिट पन नाय झाला, सर. लगेच पोचलो मी. घाबारली व्हती पोरगी. घाबारल्यावर असाच लांब वाटतो."

सरांनी मान हलवली. तिला प्रेमानेच म्हणाले, "होतं असं. पाण्याखाली सगळ्यांचंच मोजणं सुटतं." आणि त्यांनी लिहिलं, की पाण्यात धीर सुटला, वेळेचं भान राहिलं नाही, दुसऱ्याचा जीव सोपवण्याजोगी तयारी अजून नाही. वाचून दाखवलं त्यांनी. चिठ्ठी दिली नाही.

ती भांडेल असं मला वाटलं होतं. देवाशपथ, मी वाट बघत होतो तिच्या भांडायची. तिने माझ्याकडे बघितलं — संशयाने नाही हो, खजील होऊन. म्हणाली, "सॉरी काका. तुम्ही एवढी धावपळ केलीत आणि मी असं बोलले." आणि वाकून माझ्या पायाला हात लावला.

मी आशीर्वाद दिला. तोंडाने.

पुढच्या वर्षी सरांनी मलाच नवीन बोटवाल्यांना शिकवायला उभं केलं. "हे भाऊ, एका मिनिटात पोचले होते." मी शिकवलं. डोळे वर, इंजिन चालू, हात रिकामे. चांगलं शिकवतो मी.

गेल्या वर्षी खेडला गेलो होतो, बायकोच्या चुलतभावाकडे साखरपुड्याला. परतीच्या गाडीला तासभर होता. डेपोच्या बाहेर आलो तर समोर दुकान, आणि काउंटरमागे ती. मी वळणार होतो. तिनेच हाक मारली. "काका!" बसायला स्टूल दिलं, चहा मागवला. मी विचारलं, उडतेस की नाही? म्हणाली, "नाही हो. त्या वेळेपासून सोडलंच. एकदा चढले होते टेकडीवर, पण काही ठरवताच येईना. वारा बरोबर आहे असं वाटलं की लगेच वाटायचं, मला वाटतंय ते खरं कशावरून?" हसली. दुकान बरं चाललंय म्हणाली.

मग तिनं विचारलं. हळू आवाजात, दुकानात दुसरं कुणी नसताना. "काका, एक विचारू? रागावू नका. खरंच मिनिटभरच लागलं होतं का हो?"

समोर कुणी सर नव्हते. मिरकरवाडा पासष्ट मैल लांब होता. आम्ही दोघंच. आणि तिला चिठ्ठी नको होती, दवाखान्याचा हिशेब नको होता. तिला फक्त तिचं मोजणं परत हवं होतं.

मी म्हणालो, "मिनिटभरच, बाय. उगाच डोक्यात ठेवू नको."

"बरं झालं विचारलं," ती म्हणाली. "मनात किडा होता." तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि ती उठून त्यांना वह्या दाखवायला लागली. मी चहा संपवला, कप काउंटरवर ठेवला आणि गाडीला गेलो.

तिचं एकशे नव्वद बरोबर होतं. हे मी तिला अजूनही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगितलंय, तेसुद्धा तिचं नाव बदलून.