माय बांधापलीकडे होती

मी दहा वर्षांची असेन. घरात माझ्यानंतर झालेली दोन मुलं गेली होती आणि त्यांच्या पाठीवरचं बाळ तेव्हा चौदा महिन्यांचं होतं. भडगावपासून दोन-तीन कोसांवर, गिरणेच्या काठी आमचं गाव. त्या साली दिवाळी झाली आणि गावात उंदीर मरून पडायला लागले. उंदीर पडले म्हणजे प्लेग आला, हे आम्हा पोरांनाही ठाऊक होतं. दोन दिवसांत सारं गाव घरांना कुलपं घालून शेतात राहायला गेलं. आम्हीही आमच्या कपाशीच्या कडेला कडब्याची झोपडी घातली.

वडिलांना आम्ही आबा म्हणत असू. रोज सकाळी आबा आमचे हात वर करायला लावत आणि काखेत चाचपून बघत, गाठ लागते का. त्यांची बोटं फिरत असताना मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राही. ते "हं" म्हणाले की मग कुठे मला भूक लागायची.

शेतात येऊन दहा-बारा दिवस झाले असतील. एका सकाळी मायला थंडी वाजून आली. दोन घोंगड्या टाकल्या तरी दात वाजायचे थांबेनात. दुपारी अंग तव्यासारखं तापलं. आबांनी काख बघितली, मान बघितली. मग "हं" न म्हणताच ते उठले, विळा घेऊन बांधापलीकडे गेले आणि कडुलिंबाखाली दुसरी झोपडी घालू लागले.

माय स्वतःच चालत तिथे गेली. जाताना तिने बाळाला मांडीवरून उचललं आणि माझ्याकडे न देता जमिनीवर ठेवलं. मी त्याला जमिनीवरून घेतलं.

"आजपासून तू बांध ओलांडायचा नाही," आबा मला म्हणाले. मायचं सगळं तेच करणार होते, म्हणून तेही आमच्याजवळ येणार नव्हते. शेजारच्या शेतात एक म्हातारी अक्का होती, तिची शेळी होती. ती आम्हाला दूध आणि भाकरी द्यायची. बाकी दिवसभर झोपडीत मी आणि बाळ.

बाळ मायच्या अंगावर पीत होतं. शेळीचं दूध त्याने तोंडातच घेतलं नाही. मी कपाशीच्या बोंडातला कापूस काढून त्याचा बोळा करी, दुधात बुडवून त्याच्या ओठांना लावी. ते चोखे, चव लागली की थुंकून टाकी आणि बांधाच्या दिशेला हात करून रडे. वारा तिकडे वाहत असला की ते रडणं मायला ऐकू जाई. मग तिचा आवाज येई, "त्याले उचल वं पोरी, खांद्यावर घे!" मी खांद्यावरच घेतलेलं असे.

तिसऱ्या दिवशी आबा डॉक्टरांना आणायला भडगावला गेले. त्या दिवशी बाळाने सकाळपासून काहीच घेतलं नव्हतं. दुपारपर्यंत त्याचं रडणंही बारीक झालं, मांजरीच्या पिल्लासारखं. मला वाटलं, हे आता मरणार आणि माझ्या हातात मरणार. अक्का सरपण आणायला गेली होती. विचारायला कोणी नव्हतं. मी त्याला कडेवर घेतलं आणि बांध ओलांडला.

माय झोपडीच्या दाराशी बसली होती. आम्हाला बघताच ती लिंबाच्या बुंध्याला धरून उभी राहिली. तिचं लुगडं छातीशी दुधाने भिजलं होतं.

"माघारी जाय!"

"माय, हा पीत नाही. एकदाच घे."

"माघारी जाय म्हनते ना!"

मी थांबले नाही. तेव्हा ती खाली वाकली, तिने ढेकूळ उचललं आणि मला मारलं. ते माझ्या नडगीला लागलं. दुसरं उचलताना तिचा तोल गेला, ती गुडघ्यांवर आली, तरी हात वर होताच. त्याआधी मायने मला कधी चापटसुद्धा मारली नव्हती. मी वळले आणि पळत सुटले. मागे ती रडत होती की ओरडत होती, ते मला कळलं नाही.

झोपडीत येऊन मीही मोठ्याने रडले. माझं रडणं बघून बाळ गप्प झालं. मी हुंदके देत देतच बोळा त्याच्या तोंडाला लावला आणि या वेळी त्याने तो थुंकला नाही. वाटीभर दूध संपेपर्यंत ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होतं.

दिवस कलताना आबा डॉक्टरांना बैलगाडीतून घेऊन आले. मी बांधाच्या अलीकडे उभी राहून बघत होते. डॉक्टर झोपडीत गेले, बाहेर आले, आबांशी बोलले. आबा मटकन खाली बसले. 

मग आबांनीच हाक मारली, "गाठ नाही! हिवताप आहे!"

हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या सुरू झाल्या. तरी प्लेगची शंका पुरती फिटावी म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून आणखी बारा दिवस मायला वेगळंच ठेवलं. त्या बारा दिवसांत बाळ माझंच झालं. ते माझ्या पोटाशी झोपे, माझ्याच हातून पिई. मी पाणी आणायला निघाले तरी मागे रांगत येई.

माय परत आली ती निम्मी होऊन. तिने हात पुढे केले तर बाळाने माझ्या मानेला मिठी मारली आणि किंकाळी फोडली. मला फार बरं वाटलं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

मायने त्याला ओढून घेतलं नाही. "राहू दे," म्हणाली. दूध तर आटलंच होतं. रोज ती जरा अंतरावर बसून भाकरी थापायची आणि त्याच्याकडे न बघता काहीतरी गुणगुणायची. आठवडा गेला. एके दिवशी ते तिच्या पिठाच्या परातीपर्यंत रांगत गेलं, परातीत हात घातला, पीठ तोंडाला फासलं आणि तिच्या मांडीवर चढलं. मी तिथून उठून कपाशीत जाऊन बसले.

थोड्या वेळाने माय मला शोधत आली. बाळाला तिने अक्काकडे ठेवलं होतं. हातात तेलाची वाटी होती. माझ्या मागे बसून ती केसांतल्या जटा सोडवू लागली. तीन आठवडे कोणी फणी लावली नव्हती.

"मनावर राग शे का तुना?" माझ्यावर राग आहे का, असं ती विचारत होती.

 मी विचारलं, "तू नेम धरून मारलंस?"

"हो. नाहीतर तू आली असती वं."

तिने नडगीवरचा वण बोटाने हळूच चाचपला. मग पुन्हा तेल चोळू लागली. चोळता चोळता म्हणाली, "त्याले तू पाह्यलं. तुले कोन पाहत व्हतं वं?"

 मी तशीच मागे कलले आणि तिच्या अंगावर डोकं टेकलं. तेल सगळं तिच्या लुगड्याला लागलं, तरी तिने मला तसंच टेकू दिलं.