वितळली तरी पीळ

सत्यभामा आमच्या चौसाळ्याची. आईबाप ऊसतोडीचे, निम्मं बालपण कारखान्याच्या तळावरच्या खोपीत गेलं. तरी पोरगी प्लास्टिकची इंजिनिअर झाली आणि औरंगाबादची नोकरी सोडून परत आली. सोसायटीचा हिशेब मी बघतो, म्हणून लोक मलाच विचारतात, का आली म्हणून. जणू मी तिला पळवून आणलं! आमच्या सोसायटीला गरज होती, ती आली. बस्स.

सोसायटी ऊसतोड्यांची, ठिबकच्या नळ्या करणारी. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं, नळीला मागणी चिक्कार. पण आमची नळी उन्हात आखडायची. सकाळी ताठ अंथरावी, तर दुपारी जोडातून निसटून पाणी भलतीकडंच. शेतकरी वेटोळी आणून दारात टाकायला लागले. दसऱ्याच्या आत नळी सुधारली नाही तर मशीन बंद, आणि आमचे कोयते, म्हणजे नवराबायकोच्या जोड्या, पुन्हा ऊसतोडीला, मुकादमाच्या ट्रकात.

चेअरमन विठ्ठलराव म्हणाले, प्लास्टिकचा दाणाच खराब, व्यापाऱ्याला धरा. मी गाडीला किक मारलीच होती. सत्यभामानं चावी काढून घेतली.

दोष दाण्यात नाही, मशीनमधून नळी ओढण्यात आहे, असं तिचं म्हणणं. वितळलेलं प्लास्टिक नुसतं काकवीसारखं वाहत नाही, रबरासारखं ताणलंही जातं. वाहणं थांबलं, सोडून दिलं, की मागं आखडतं. गरम असतानाच धरून ठेवलं तर ताण हळूहळू विसरतं. त्याआधीच मशीनपुढच्या हौदाच्या थंड पाण्यात गोठलं तर ताण आतच कोंडतो, उन्हानं नळी नरमली की बाहेर निघतो. कॉम्प्युटरवर ती याचंच गणित मांडत होती. ओढायचा वेग, प्लास्टिकची उष्णता, हौदाचं अंतर टाकायचं आणि नळी किती आखडेल ते आधीच काढायचं.

वेग वाढवला कुणी? आम्हीच. फडात ज्याच्या मोळ्या जास्त तो कोयता भारी. तीच चुरस मशीनवर आली होती. एक जोडी वेग वाढवून जायची, दुसरी तिला खिजवायला आणखी वाढवायची.

वेग कमी करा म्हटल्यावर विठ्ठलराव तापले. "कावून? सुंभ जळालं तरी पीळ जात न्हाई, तशी हायेस तू."

"आबा, नळीचंबी तेच हाय. वितळली तरी पीळ जात न्हाई. मी तोच मोजायलेय."

मग मोजून दाखव, म्हणाले.

तिनं नळीचा हातभर तुकडा घेतला. भिंतीवर त्याच्या लांबीची खूण केली आणि तो कुठवर आखडेल त्याची दुसरी. मग तुकडा उकळत्या पाण्यात बुडवला. बाहेर काढून भिंतीला लावला, तर दुसऱ्या खुणेच्याही बोटभर खाली. विठ्ठलराव लई हसले. मला त्यांचा राग आला, खरं तर तिचाही आला. ती मात्र मशीनपाशी गेली, दुसरा तापमापक लावून बघितला. मशीनवरचा काटा खोटा बोलत होता. प्लास्टिक तो दाखवतो त्याहून थंड होतं, आणि थंड प्लास्टिक ताण विसरायला जास्त वेळ लावतं. खरा आकडा घालून तिनं खूण खाली सरकवली. पुढचा तुकडा नेमका तिथंच थांबला. विठ्ठलरावांनीच हौद मशीनपासून लांब सरकवायला माणसं बोलावली.

राहिला वेग. कौशल्याबाईची जोडी सगळ्यांत चपळ, तिला हे झोंबलं. "हळू चालाया आमी काय म्हातारे झालो?" मग हौदाकडं बघत म्हणाली, "ट्रकात बसण्यापरीस हळू चाललेलं बरं." आणि तिनंच वेगाचं चाक मागं फिरवलं.

ती नवी नळी गावातल्या धुळाजीच्या मोसंबीच्या बागेत अंथरली. भर दुपारी आम्ही बांधावर बसून होतो. एकही जोड सुटला नाही, पाणी बुंध्याशीच पडत राहिलं.

दसऱ्यानंतर मुकादम आला. हरिबाची जोडी गेली, तिनं आधीच शब्द दिला होता. मुकादम मग कौशल्याबाईकडं वळला. तिनं त्याला चहा पाजला.

"बसा भाऊ निवांत," ती म्हणाली, "पण आमाला इचारू नका. आमचं मशीन चालू हाय."