अंडेवाल्या मावशींची रुग्णवाहिका

मावशींनी बावीस वर्षं अंड्यांची गाडी चालवली होती. युद्ध सुरू झालं तशा त्या स्वयंसेविका म्हणून रुग्णवाहिकेवर आल्या आणि तीही अंड्यांच्या गाडीसारखीच चालवू लागल्या. "मावशींच्या मागून गोगलगाय हॉर्न देते," असं बाकीच्या ड्रायव्हर बायका म्हणत. त्यात सगळ्यांत मोठा आवाज सुनेचा. ती नर्स आणि तिची ड्यूटी नेमकी सासूच्याच गाडीत. मुलगा आघाडीवर गेल्यापासून घरात दोघीच होत्या, त्यामुळे भांडायला एकमेकींशिवाय कुणीच नव्हतं.

त्या दिवशी सकाळी मोठ्या सिस्टरांनी फर्मान काढलं, "मावशी, उद्यापासून किल्ली माझ्याकडे. तुम्ही बटाटे सोला. बटाट्यांना घाई नसते."

मावशींचं तोंड एवढंसं झालं. पण दुपारीच एक जवान आला. त्याच्या कण्याशी गोळीचा तुकडा अडकला होता.

"शहरातच काढावा लागेल," डॉक्टर म्हणाले. "पण वाटेत एक जरी जोराचा धक्का बसला, तरी याचे पाय कायमचे गेले असं समजा."

सगळ्या ड्रायव्हर बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि मग सगळ्यांनी मिळून मावशींकडे.

मावशींनी चपला काढल्या. अनवाणी पायाला पेडल नीट कळतं, असं त्यांचं शास्त्र होतं. रस्ता तर तळहातासारखा पाठ होता. गिरणीसमोरचा खड्डा डावीकडून, शाळेपाशी चढ संपेपर्यंत दुसरा गिअर. मागून सून ओरडत होती, "आई, बैलगाडी पुढे गेली!"

"जाऊ दे. तिला घाई असेल."

पुलाअलीकडे मात्र मावशी थांबल्या. कालच्या बॉम्बने रस्त्यावर आडवा चर पडला होता. बावीस वर्षांच्या ओळखीत हा नव्हता. त्या उतरल्या, चर पावलांनी मोजून आल्या आणि मागचं दार उघडून इस्पितळात न्यायच्या धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यांकडे बघत राहिल्या.

"अहो, नाही हं!" सून किंचाळली. "पहाटेपासून हात सोलवटून धुतल्यात मी त्या!"

सुनेने जवानाकडे पाहिलं. तिच्या नवऱ्याएवढाच होता, दाढीही तशीच वाढलेली. तिने स्वतःच पहिला गठ्ठा उचलला आणि चरात टाकला.

"नीट दाबा," ती नाक ओढत म्हणाली. "टाकायच्याच तर धड टाकू."

दोघींनी गुडघ्यांवर बसून चर भरला आणि चौसष्ट शुभ्र चादरींवरून गाडी श्वास रोखून पलीकडे गेली.

शहरातल्या सर्जननी आधी जवानाच्या तळपायावर पेन्सिल ओढली. सुनेने सासूचा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. जवानाचा अंगठा आक्रसला, मग हलला.

त्याने डोळे किलकिले केले. "आजी," तो कुरकुरला, "किती वेळ नुसतं निजवून ठेवलंय. गाडी सुटणार कधी?"

"बघा!" सून एका हाताने डोळे पुसत म्हणाली. "यालासुद्धा कळलं तुम्ही किती हळू चालवता ते."

सासूचा हात मात्र तिने सोडला नव्हता.