अवघड गेम आणि माझा अंगठा

जुना गेमच खरा, नवे सगळे लेकरांचे, असं माझा धाकटा भाऊ छाती ठोकून सांगतो तेव्हा माझं डोकं फिरतं. अरे, आमच्या त्या व्हिडिओ गेमच्या मालिकेचा एकूण एक भाग मी खेळले आहे. पळायचं, उड्या मारायच्या, खड्ड्यात पडायचं, पुन्हा उठायचं. मला काय शिकवतोस?

पहिला भाग आम्ही दोघं कॅसेट टाकून खेळायचो, बाबांच्या हातमागाच्या खोलीत. तो अवघड होता, कबूल. पण कसला अवघड? पुढे खड्डा आहे हे त्यात पडल्यावरच कळायचं. जीव संपले की थेट पहिल्यापासून. मध्येच लाइन गेली तरी पहिल्यापासून. याला मी अवघड म्हणतच नाही, याला डांबरटपणा म्हणते. मुळात गेम एवढासा, म्हणून तेच तेच दळायला लावून लांबवलेला.

बाबा विणकर. एकदा ते मागावरून उठून आमच्या मागे येऊन उभे राहिले. अगदी शेवटाजवळ गेममधला आमचा गडी मेला आणि पडद्यावर पुन्हा पहिली पातळी आली. बाबा चक्रावले. "काहून गा, सुरुवातीपासून काहून? धागा तुटला तं जिथं तुटला तिथंच सांधावं लागते. पूर्ण लुगडं उसवते का कोणी?" भाऊ खो खो हसला. मला मात्र ते तिथल्या तिथे पटलं.

तिसऱ्या भागात बनवणाऱ्यांनी जरा डोकं चालवलं. नवी उडी आधी अशा जागी शिकवली की चुकलं तरी खाली जमीन असायची. मग तीच उडी खड्ड्यावर. तिथे मेलं तर चूक आपली, गेमवर राग यायचा नाही. पुढच्या भागात सगळं थ्रीडी दिसायला लागलं आणि परत घोळ झाला. पाय कुठे टेकणार तेच कळेना, खालची सावली बघून उडी मारावी लागायची. आणि सगळ्यात नवा भाग? तो पहिल्याहून कठीण आहे, शप्पथ! फक्त मेलात तर थोडं मागून सुरू होतो, इतकंच. भावाला ते चालत नाही. मरमर मरून, पहिल्यापासून आलं तरच जिंकलं, असं त्याचं म्हणणं.

मागच्या वर्षी मी स्कूटीवरून पडले. फुटलेली काच हातात घुसली आणि उजव्या अंगठ्याची नस तुटली. धंतोलीतल्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, टाके निघाले, पण अंगठा काही ऐकेना. मी ब्लाउज शिवते. कात्रीच धरता येत नसेल तर मी कोण उरले? फिजिओथेरपीवाल्या बाई मऊ चेंडू दाबायला सांगायच्या. चेंडू दाबत माणूस किती वेळ बसणार? मी गेमचा कंट्रोलर हातात घेतला.

अडचण एकच होती. पळायचं बटण अंगठ्यानं दाबून ठेवायचं आणि ते न सोडता त्याच अंगठ्यानं शेजारचं उडीचं बटण दाबायचं. दोन्ही मिळून जमेना. नव्या भागात एक सोय आहे, सेटिंगमध्ये जाऊन ती लावली की गडी आपोआप पळतो. मी लावली. उड्या माझ्याच. शेवटची पातळी या अंगठ्यानं पार झाली तर कात्रीही जमेल, असं मी मनाशी धरून बसले होते.

एका रविवारी भाऊ प्रताप नगरहून आला. मी चहा करायला उठले. परत येऊन खेळायला बसले आणि पहिल्याच खड्ड्यात पडले. परत पडले. परत. खरं सांगते, मला रडू फुटलं. वाटलं, गेला हात. मग नीट पाहिलं तर गडी पळतच नव्हता, चालत होता.

"सेटिंग कोणं बदलवली?"

"मी," भाऊ म्हणाला. "तुह्याच भल्यासाठी वं ताई. अशानं सवय लागते. मदत घेऊन जिंकणं हे काही जिंकणं झालं का?"

तळपायाची आग मस्तकात गेली माझी. "पुन्हा हात लावशील तं याद राख!" सोय परत लावली आणि डोळे पुसून खेळायला लागले. चहा गार झाला. अंगठा ठणकत होता. सरकत्या फळ्यांवरून मरत, पडत पुढे गेले आणि शेवटची उडी कशीबशी काठावर टेकली. पातळीच्या टोकाचं दार उघडलं.

"जमलं!" मी ओरडले.

"मदतीनं," तो म्हणाला.

"हो, मदतीनं! ऑपरेशननंतर मले भात कोण भरवत होतं बे? तूच ना? तवा काहून नाही म्हटलं, ताई, आपल्या हातानं खाशील तरच जेवली असं धरीन?"

मी उठले, मशीनवर कधीचं पडलेलं कापड ओढलं आणि कात्री उचलली. नीट धरवेना. पहिलाच काप तिरपा गेला. कात्री घ्यायला भावानं हात पुढे केला. मी दिली नाही.

"कापड धर," म्हटलं. "ताणून धर. कापीन मीच."

त्यानं दोन्ही हातांनी कापड ताणून धरलं, आणि मी कापलं.