नेलपॉलिशनं काढलेलं सर्किट

लग्नानंतरची पहिली काही वर्षं आम्ही कसबा बावड्यात भाड्यानं राहत होतो. नवरा, मी आणि सासूबाई. आम्ही दोघंही इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेले. गच्चीवरची टाकी रोज भरून वाहायची आणि खालचे शेजारी बोंबलायचे. टाकी भरली की घरात बझर वाजला पाहिजे, एवढं साधं सर्किट आम्ही करायला घेतलं.

तांब्याचा थर असलेला बोर्ड घरात होता. त्यावर मार्करनं रेषा काढायच्या आणि बाकीचं तांबं विरघळवायचं. त्यासाठी लागणारं फेरिक क्लोराइड मात्र राजारामपुरीतल्या दुकानात संपलं होतं. "मुंबईचा माल कवा येतोय कुणास ठाऊक," दुकानदार म्हणाला. मग नवऱ्याला कॉलेजातल्या सरांचा उपाय आठवला. संडास धुवायचं ॲसिड आणि मेडिकलमधलं, जखम धुवायला वापरतात ते हायड्रोजन पेरॉक्साइड.

गच्चीत वारं पाठीशी घेऊन, हातमोजे घालून नवऱ्यानं प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये आधी पेरॉक्साइड ओतलं, मग बेतानं ॲसिड. बोर्ड आत सोडला. हळूहळू पाणी हिरवं व्हायला लागलं, अगदी पाचूसारखं. आम्ही खूश! पण बोर्ड बाहेर काढला तर तो कोराच. मार्करची शाई सुटली होती आणि रेषांखालचं तांबंही गेलं होतं.

"एवढा वेळ काय करालायसा मग?" सासूबाई दारातूनच हसल्या.

बोर्डाचा दुसरा तुकडा घेतला आणि मार्करऐवजी मी माझं लाल नेलपॉलिश वापरलं. पण त्या ब्रशनं रेषा जाड यायच्या, एकमेकींत घुसायच्या. सासूबाईंना रोज दारात रांगोळी काढायची सवय. थोडा वेळ त्यांनी बघितलं आणि मग म्हणाल्या, "आण हिकडं. मी काडतो."

खराट्याची काडी नेलपॉलिशमध्ये बुडवून त्या मांडी घालून बसल्या. मी कागदावरचा नकाशा धरला.

"ही रेघ हिला लागली तर?"

"मग बझर वाजणारच नाही, आई."

"म्हंजे दोन जावाच की! ऱ्हायचं एका घरात, पन एकमेकींला लागायचं न्हाय."

नवरा इतका हसला की त्यांनी त्याला बोर्डापासून लांब बसवलं.

या वेळी तांबं रेषांभोवतीनं सावकाश विरघळत गेलं. बोर्ड धुऊन, थिनरनं नेलपॉलिश पुसलं, तर खाली तांब्याच्या लखलखीत रेषा. सासूबाईंनी बोर्ड उन्हात धरला, इकडून तिकडून फिरवून पाहिला. उरलेलं हिरवं पाणी आम्ही प्लॅस्टिकच्या डब्यात भरून, वायू कोंडू नये म्हणून झाकण सैलच ठेवलं. पुढच्या बोर्डाला तेच चाललं.

पुढं एकदा उचगावचे पाहुणे चहाला आले होते. मधेच बझर किंचाळला आणि त्यांच्या बशीतला चहा मांडीवर सांडला.

"भिऊ नकासा पावणं," सासूबाई रुबाबात म्हणाल्या, "आमचंच हाय ते."

आणि मोटर बंद करायला उठल्या.