मी तिच्या आईशी बोलत राहिले

“…स्त्रीबीजं गोठवून ठेवायला साधारण दोन आठवडे लागतात. तेवढं थांबायला केमोचे डॉक्टर तयार आहेत,” मी मुलीच्या आईंना सांगत होते. मुलगी मध्येच म्हणाली, “मॅडम, केमो मला आहे. माझ्याकडे बघून सांगा ना.”

मी ओशाळले. मुलगी तेवीस वर्षांची, खडकीची, नोकरी करणारी. केमोनंतर मूल होण्याची शक्यता कशी राखता येते, हे रुग्णांना समजावणं माझं काम. तरी मुलगी अविवाहित असली की मी नकळत आईकडे वळते.

आई म्हणाल्या, “अहो, उद्या स्थळ आलं तर हे कसं सांगायचं?”

“स्थळ येईल तेव्हा मी असायला हवी ना, आई.”

मग मुलगी मला म्हणाली, “मूल हवंय की नाही, मला माहीत नाही. पण ते मला ठरवायचंय.”

मी सगळं पहिल्यापासून सांगितलं, तिला.

तुमच्या घरी अशी वेळ आली असती, तर तुम्ही कोणाकडे बघून बोलला असता?

दुसऱ्या दिवशी सकाळी हे जोडते आहे: दोघी नऊ वाजता आल्या. संमतीच्या फॉर्मवर मुलीनं सही केली. बीजं वाढवण्याचं पहिलं इंजेक्शन झालं.