हळूमामांची आडवी सायकल

हळूमामांना भीती वाटायची, आणि ती ते सांगून टाकायचे. "मला भ्या वाटतंय" हे वाक्य त्यांच्या तोंडून "चहा घेतोस का" इतक्या सहज यायचं. विहिरीत वाकून बघायची भीती, विजेच्या खांबाला टेकून उभं राहायची भीती, कचेरीत न वाचलेल्या कागदावर सही करायची भीती. नगरकडच्या आमच्या बेलापुरातली मोठमोठ्या मिशांची माणसं त्यांना हसायची आणि मामाही त्यांच्यासोबत हसायचे. "हसा लेकांनो," म्हणायचे, "पर ज्याला कशाचंच भ्या वाटत न्हाई, त्याच्या क्यारेजवर बसू नगा."

वेशीजवळ त्यांचं सायकलचं दुकान होतं. दुरुस्ती करायचे, तासावर भाड्यानेही द्यायचे. दुकानातून कुठलीही सायकल बाहेर पडायची तिची एक रीत होती. मामा समोरच्या लिंबापर्यंत जोरात मारायला सांगायचे आणि मधेच ओरडायचे, "दाब!" चाक जागेवर थांबलं तरच सायकल तुमची. वर पाठीमागून "हळू रे, हळू" हा आशीर्वाद. त्यावरूनच त्यांचं नाव पडलं. खरं नाव गावात फार थोड्यांना ठाऊक असेल.

मला त्यांचा राग यायचा. आमच्या घरात पोथी नव्हती, पत्रकं होती. वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. मी अक्षरं शिकलो ती सभांच्या, संपांच्या आणि मोर्च्यांच्या पत्रकांवरून. त्यातली प्रत्येक ओळ 'उठा' नाहीतर 'भिऊ नका' म्हणणारी. भित्र्या माणसांमुळेच हा देश मागे राहिला, असं माझं ठाम मत होतं आणि ते मी मामांच्या दुकानात, मामांच्याच बाकावर बसून, मोठ्याने सांगत असे. मामा पंक्चरच्या जागी ट्यूब खरवडायची पत्री घासत ऐकायचे आणि म्हणायचे, "पुढारी, वाईच पाय उचल. खाली माझा पाना हाय."

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी दत्ता, सामू आणि मी एक बेत केला. दत्ता माझा वर्गमित्र, सामू मिशनच्या शाळेतल्या मास्तरांचा मुलगा. राजूरच्या पुढे, भंडारदऱ्याच्या अंगाला, डोंगराच्या माथ्यावरून जंगलातून खाली ठाकरवाडीत एक पायवाट उतरते. ती सायकलवरून उतरायची. कोणी उतरलं नव्हतं, हेच कारण पुरेसं होतं. घरच्यांनी एकच अट घातली: हळूमामा बरोबर असतील तर जा. मामा आधी नाही म्हणाले. मग आमच्या तिघांच्या तोंडांकडे बघून म्हणाले, "न्हाई आलो तर हितं बसून जास्त भ्या वाटंल. येतो."

दसऱ्यानंतरच्या रविवारी एसटीच्या टपावर चार सायकली बांधून आम्ही राजूरला पोचलो. तिथून सायकली मारत, शेवटी ढकलत, दुपारी माथा गाठला. माझी सायकल मामांनीच नीट करून दिलेली, तरी रस्त्यात दोनदा ब्रेक दाबूनही चाक पुढे सरकलं होतं. दव असेल, असं मी मनाला सांगितलं. मामांना सांगितलं नाही.

माथ्यावरून वाट दिसत नव्हती, फक्त झाडं खाली खाली जाताना दिसत होती. हिरडा, जांभूळ, करवंदीच्या जाळ्या, माणसाच्या उंचीचं गवत. डाव्या हाताला दरी. तिच्यातून वारा वर येत होता आणि त्याला ओल्या पाचोळ्याचा वास होता. लाकडाची मोळी घेऊन वर आलेला एक ठाकर म्हातारा सायकलींकडे बघत राहिला.

"ह्या वाटंनं आमची गुरंबी बसत बसत उतरत्यात," तो म्हणाला.

"आईकलं का?" मामा म्हणाले. "माझं पाय आत्ताच कापाया लागलं. पोरांनो, म्होरं मी. माझ्या म्होरं कोनी जायाचं न्हाई. आन् ज्याला ब्रेकाचा भरवसा न्हाई, त्यानं क्यारेजला फांदी बांधा. वढत आली की चाक आवरतंय."

दत्ताने फांदी बांधली. "वरात निघाली बघा," तो म्हणाला. सामूने डोळे मिटून प्रार्थना केली आणि मग दोन फांद्या बांधल्या. मामांनी एकेकाचं मागचं चाक उचलून फिरवलं, ब्रेक दाबून पाहिला. माझ्याकडे वळले तेव्हा मी सायकल बाजूला घेतली.

"माझं मी पाहिलंय."

"बघू दे की, पुढारी."

"पाहिलंय म्हणालो ना, मामा! फांदीबिंदी काही नको मला."

त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला. मग स्वतःच्या सायकलवर बसले.

उतार सुरू झाला आणि पहिल्या वीस हातांतच मला कळलं की माझे ब्रेक लागत नाहीत. रबर रिमवर टेकत होतं आणि साबणासारखं सरकत होतं. का, तेही त्याच क्षणी कळलं. दसऱ्याला मी सायकलची पूजा केली नव्हती, मी अशा गोष्टी मानत नाही. पण कष्टाच्या हत्यारांचा सन्मान म्हणून मी ती धुतली होती आणि चकाकावी म्हणून गोडेतेलाचा बोळा फिरवला होता. सांगाड्यावर, मडगार्डवर आणि रिमवरही. रिमवर तर दोनदा. तोंड दिसेपर्यंत.

दगड चाकाखालून निसटू लागले. हँडल हातात मावेना. गवताची पाती तोंडावर सपासप लागत होती आणि त्यांच्या फटीतून डावीकडे नुसतं आभाळ दिसत होतं. पाय खाली टेकवला, तो मागे फेकला गेला. ओरडायचं काय, हेच ठरत नव्हतं. 'ब्रेक लागत नाहीत' म्हणायला त्याही वेळी माझी जीभ रेटेना. मी घंटी वाजवली. त्या रानात, त्या कड्यावर, बाजारपेठेत म्हातारीला बाजूला करावं तशी मी घंटी वाजवत सुटलो.

पुढे वाट एकदम उजवीकडे वळत होती. वळणापलीकडे काही नव्हतं. मामा तिथे पोचले होते. घंटी ऐकून त्यांनी मान वळवली. मला त्यांचा चेहरा स्पष्ट दिसला. तो पांढराफटक पडला होता. इतका घाबरलेला चेहरा मी आजवर दुसरा पाहिला नाही. त्यांना डोंगराच्या अंगाला सरकता आलं असतं, तेवढी जागा होती. ते उतरले, सायकल वाटेत आडवी घातली आणि तिच्यामागे, दरीकडे पाठ करून, उभे राहिले.

आदळल्याचा आवाज मला आठवत नाही. मी त्यांच्या अंगावर पडलो होतो आणि त्यांचा उजवा गुडघा सायकलचा दांडा आणि दगड यांच्यामध्ये सापडला होता. माझं पुढचं चाक त्यांच्या तोंडाशी अजून फिरत होतं. मामांनी हात लांबवून ते थांबवलं. बोट रिमवरून फिरवलं. नाकाशी नेलं. मग माझ्याकडे पाहिलं. मागून फांद्या घासत येत असल्याचा आवाज जवळ येत होता. मामांनी डोक्यावरची टोपी काढली आणि तिने रिम पुसून टाकली, पुढची आणि मागचीही, जेवढी हाताला पोचली तेवढी.

"काय झालं?" दत्ता धापा टाकत म्हणाला.

"ब्रेक लागला नाही," मी म्हणालो. एवढंच.

दत्ताने खालच्या वाडीतून बोलावून आणलेल्या ठाकरांनी घोंगडीची झोळी करून मामांना सडकेपर्यंत आणलं. वाटभर ते कण्हत होते. "लई भ्या वाटतंय रे," ते मला म्हणाले, "हात धर." मी हात धरला. सांगायची ती एक वेळ होती, आणि मी नुसता हात धरून चालत राहिलो.

गावात आठ दिवसांत ठरून गेलं. दत्ताचे वडील चहाच्या टपरीवर रोज सांगायचे, "हळूमामानंच नीट केल्याली सायकल, आन् तिचाच ब्रेक लागंना. पोरगं दरीत गेलं असतं." मामांच्या दुकानासमोर सायकली दिसेनाशा झाल्या. आया पोरांना दुसऱ्या आळीतल्या दुकानात धाडू लागल्या. ज्या माणसाने आयुष्यभर प्रत्येक चाक थांबवून बघितलं, त्याचा ब्रेकच खोटा ठरला. पाय प्लॅस्टरमध्ये घालून मामा दारात बसलेले असत. कोणी विचारलं तर म्हणत, "व्हय, न्हाई लागला." मी दुकानावरून जायचं टाळून मागच्या गल्लीने फिरत असे. त्याच दिवसांत मी सत्य लपवणाऱ्या सत्तेविरुद्ध दोन पत्रकं लिहिली. चांगली लिहिली होती.

दिवाळी झाल्यावर कळलं की मामा दुकान बंद करून नगरला मुलीकडे कायमचे चाललेत. सकाळची गाडी होती. मी थांब्यावर धावत गेलो. मामा खिडकीशी बसले होते, पाय समोरच्या बाकावर लांब केलेला.

"मामा, रिमला तेल होतं. मी लावलं होतं. दसऱ्याला."

"म्हाईत हाय."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"तुझं त्वांड बघितलं हुतं मी. म्हनलं, पोरगं सांगंल आज ना उद्या." त्यांनी टपरीकडे पाहिलं. तिथे दत्ताचे वडील आणि चारपाच माणसं चहा पीत उभी होती. "आन् मला सांगून काय उपेग? मी तर तितंच हुतो."

मी टपरीकडे गेलो. सभेत बोलताना माझा आवाज कधी कापला नव्हता. आता "काका" म्हणतानाच तो चिरकला. बशा तोंडाशी नेलेली माणसं थांबली. मी तेलापासून सुरुवात केली. फांदी नाकारली ते सांगितलं, घंटी सांगितली, टोपी सांगितली. मागे कंडक्टरने दोनदा घंटा मारली, इंजिन गुरगुरलं. मी वळलो नाही. मधेच थांबलो असतो तर पुन्हा तोंड उघडलं नसतं.

संपलं तेव्हा दत्ताच्या वडिलांनी बशी खाली ठेवली.

"आन् म्हैनाभर कुठं गेल्तास?" ते म्हणाले.

मी मागे पाहिलं. थांबा मोकळा होता. गाडी पुलापर्यंत पोचली होती. मामांच्या खिडकीपर्यंत माझा आवाज गेला होता की नाही, हे मला अजून माहीत नाही.